नाममुद्रा नसलेले दरबारचित्र

१

सत्तेचे चित्र काढणे हे कलेचे जुने काम आहे. ते काढताना चित्रकाराने आपला हात झाकून ठेवणे हेही तितकेच जुने. गेल्या दोन दशकांत या कामाला एक नवे साधन मिळाले आहे. कॅमेरा यंत्रचालित बैठकीवर बसवायचा, किती अंशांनी वळायचे आणि किती वेळाने टिपायचे ते आधी ठरवून द्यायचे, आणि छायाचित्रकाराने बाजूला व्हायचे. यंत्र सभागृह, मैदान किंवा शहर चौकटीमागून चौकट टिपत जाते. मग या शेकडो, कधी हजारो चौकटी संगणकावर शिवून एकच विशाल दृश्य तयार होते. स्विस कलावंत जुल्स स्पिनात्श याने २००३ मध्ये जागतिक आर्थिक मंचाच्या बैठकीच्या वेळी दाव्होस येथे असे काम केले. २००६ मध्ये तूलूझ या फ्रेंच शहराच्या नगरपरिषदेच्या बैठकीवर आणि २००९ मध्ये व्हिएन्नाच्या ऑपेरा-नृत्यसमारंभावर त्याने हेच तंत्र वापरले. त्याच वर्षी २० जानेवारीला बराक ओबामा यांच्या शपथविधीचे डेव्हिड बर्गमन याने यंत्रचालित बैठकीच्या साह्याने २२० छायाचित्रे जोडून केलेले दृश्य जगभर पाहिले गेले. त्यात प्रेक्षक मन मानेल तितके आत शिरू शकत होता, आणि यो-यो मा हा चेलोवादक स्वतःच छायाचित्र काढत असल्याचेही त्याला सापडत होते.

या प्रकाराभोवती जी समीक्षा उभी राहिली, तिचे तीन सिद्धांत वारंवार ऐकू येतात. पहिला असा की, या चित्राला कर्ता नाही. म्हणून सत्तेचे हे पहिलेच निःपक्ष व्यक्तिचित्र होय. दुसरा असा की, येथे राजा आणि पहारेकरी यांना सारखेच बिंदू मिळतात. म्हणून हे लोकशाही चित्र होय. तिसरा असा की, येथे काहीच सुटत नाही. म्हणून हे पुराव्याचे चित्र होय. मराठीतही दृश्यसंस्कृतीची चर्चा करताना हे सिद्धांत जवळजवळ जसेच्या तसे उचलले जातात. त्यांच्या जोडीला बेन्थमचा तुरुंग आणि फूकोची नजर आणली की लेख पूर्ण होतो. हे तिन्ही सिद्धांत चुकीचे आहेत, आणि त्यांची चूक केवळ तांत्रिक नाही. ज्या समाजात सत्तेला आपले हात लपवण्याची विशेष गरज आहे, त्या समाजात ही समीक्षा नकळत सत्तेच्या सोयीची ठरते.

२

कर्ता नसल्याचा सिद्धांत प्रथम पाहू. १९६७ मध्ये रोलाँ बार्थ याने लेखकाच्या मृत्यूची घोषणा केली, तेव्हा त्याचा रोख अर्थावर मालकी सांगणाऱ्या लेखकावर होता. संहिता कोणी घडवलीच नाही, असे त्याने म्हटलेले नाही. यंत्रचालित दृश्याच्या समर्थकांनी मात्र अर्थाच्या मालकीचा प्रश्न घडणीच्या प्रश्नात मिसळून टाकला. वस्तुतः येथे कर्ता नाहीसा होत नाही. त्याचे काम केवळ अलीकडे आणि पलीकडे सरकते. अलीकडे, म्हणजे कॅमेरा कोठे बसवायचा, कोणाच्या परवानगीने बसवायचा आणि किती वाजता सुरू करायचा या निर्णयांत. पलीकडे, म्हणजे कोणती चौकट ठेवायची, कोणती टाकायची आणि शिवण कोठून न्यायची या निर्णयांत. मधला एक क्षण, जेव्हा बोट कळ दाबते, तेवढाच यंत्राकडे गेला आहे. छायाचित्रकलेत हा क्षण कधीच सर्वात महत्त्वाचा नव्हता. दरबारात प्रवेश कोणाला, हा प्रश्न त्याच्या आधीचा असतो.

या संदर्भात मराठी प्रदेशातलेच एक उदाहरण घ्यावे. १७९० मध्ये टिपूविरुद्ध इंग्रज आणि पेशवे यांच्यात झालेल्या तहाचे दरबारचित्र आज लंडनच्या टेट संग्रहात आहे. सवाई माधवराव, नाना फडणवीस, इंग्रज वकील चार्ल्स मॅलेट आणि त्यांच्याभोवती बसलेली मंडळी असा तो मोठा पट आहे. त्याची तयारी जेम्स वेल्स याने केली. शनिवारवाड्यात मॅलेटच्या साह्याने चित्रशाळा उभी करणारा तो चित्रकार १७९५ मध्ये वारला, आणि त्याच्या रेखाटनांवरून थॉमस डॅनिएल याने १८०५ मध्ये चित्र पुरे केले. म्हणजे या पटावरची माणसे ज्या रीतीने एकत्र दिसतात, त्या रीतीने ती कोणत्याही एका क्षणी कोणत्याही एका डोळ्याला दिसलेली नाहीत. वेगवेगळ्या बैठकींत टिपलेली तोंडे पंधरा वर्षांनी एका जाजमावर आणून बसवली गेली. हेही शिवलेलेच दृश्य आहे. फरक इतकाच की, येथे शिवणाऱ्याचे नाव माहीत आहे, शिवणीचे वर्ष माहीत आहे आणि कापड कोणाचे होते तेही माहीत आहे. म्हणूनच या चित्राकडे बोट दाखवून विचारता येते की, ज्या तहाने पुढे पेशवाईचाच गळा आवळणाऱ्या मैत्रीला मान्यता दिली, तो तह इतक्या शांत, इतक्या समतोल रचनेत का दाखवला गेला? कर्ता माहीत असल्यामुळे चित्रावर खटला चालवता येतो. कर्ता नाही असे मान्य केले की चित्र निर्दोष सुटते, आणि त्याच्याबरोबर सत्ताही.

सर्वदर्शी चित्राचा इतिहासही या बाबतीत पुरेसा बोलका आहे. रॉबर्ट बार्कर याने १७८७ मध्ये या प्रकाराचा एकाधिकार घेतला. श्रीरंगपट्टणचा पाडाव १७९९ मध्ये झाला, आणि दुसऱ्याच वर्षी रॉबर्ट केर पोर्टर याचे त्या लढाईचे प्रचंड चित्र लंडनमध्ये प्रेक्षकांना पैसे घेऊन दाखवले जात होते. चित्रकार रणभूमीवर नव्हता. प्रेक्षक मात्र रणभूमीच्या मध्यभागी उभा राहिल्याचा अनुभव घेत होता. सर्व काही दिसते आहे, ही भावना विकणे हा या कलाप्रकाराचा जन्मापासूनचा व्यवसाय आहे. यंत्राने तो अधिक स्वस्त केला इतकेच.

३

दुसरा सिद्धांत समतेचा. राजाला जितके बिंदू तितकेच पहारेकऱ्याला, हे ऐकायला मोहक आहे. परंतु चौकटी शिवण्याची क्रिया नेमकी कशी होते ते पाहिले की हा मोह टिकत नाही. शेजारच्या दोन चौकटींचा काही भाग सामाईक ठेवलेला असतो. संगणक त्या भागातील सारख्या खुणा शोधतो, दोन्ही चौकटी ताणून-वाकवून एकमेकींवर बसवतो आणि उजेडातला फरक पुसतो. दोन चौकटींच्या मधल्या काळात जे हलले नाही ते नीट जुळते. जे हलले ते जुळत नाही. मग अर्धे धड, दोन डोकी, हवेत लटकलेला हात असे अवशेष राहतात. त्यांना या धंद्यात भुते म्हणतात. भुते काढण्याचीही सोय असते. एका चौकटीतले ठेवायचे, दुसरीतले पुसायचे.

याचा अर्थ असा की, या चित्रात स्थिर माणूस अखंड राहतो आणि चालता माणूस तुटतो किंवा नाहीसा होतो. सभागृहात स्थिर कोण बसते? व्यासपीठावरचा. चालते कोण? पाणी आणून देणारा, सतरंजी उचलणारा, दाराशी अडवलेला, घोषणा देत पुढे येणारा. बिंदूंची समता असूनही चित्र बसलेल्यांच्या बाजूने झुकते, आणि ते कोणाच्या दुष्ट हेतूने नव्हे, तर घडणीनेच झुकते. छायाचित्रणाच्या आरंभीच हे घडून गेले आहे. १८३८ मध्ये दागेर याने पॅरिसमधील एका वाहत्या रस्त्याचे छायाचित्र घेतले, तेव्हा टिपण्यास इतका वेळ लागला की गाड्या, घोडे, पादचारी सारे पुसले गेले. उरला तो बूट पुसून घेण्यासाठी थांबलेला एक गृहस्थ; त्याच्या पायाशी राबणारा मात्र जेमतेम धूसर दिसतो. यंत्राचा न्याय स्थैर्याला मान देतो, आणि स्थैर्य ही समाजात सारखी वाटलेली वस्तू नाही.

याच्या उलट प्रकारचे दृश्य अंबरनाथला नऊशेहून अधिक वर्षे उभे आहे. तेथील शिवालयाच्या शिलालेखात शके ९८२, म्हणजे इ. स. १०६० हे वर्ष आणि शिलाहार राजा मामवाणी याचे नाव आहे. भिंतींवरील शिल्पांचा पट कोणत्याही एका जागेवरून पूर्ण दिसत नाही. पाहणाऱ्याला चालावे लागते. सूर्य ज्या बाजूला असेल त्याप्रमाणे काही मूर्ती उजळतात, काही अंधारात जातात. येथे चालणारा पुसला जात नाही, उलट त्याच्या चालण्यावाचून दृश्यच पुरे होत नाही. आणि हे सारे कोणाच्या राज्यात घडले, ते दगडावर नाव घालून सांगितले आहे. राजसत्तेने उभारलेले देऊळ म्हणजे लोकशाही नव्हे, हे उघड आहे. परंतु आपण कोण आहोत हे सांगण्याइतका सरळपणा त्या सत्तेत होता.

४

तिसरा सिद्धांत पुराव्याचा. रा. भा. पाटणकरांनी ‘सौंदर्यमीमांसा’ (१९७४) या ग्रंथात कलाविषयक विचार लौकिकतावादी आणि अलौकिकतावादी अशा दोन ध्रुवांमध्ये वावरत असल्याचे दाखवले. यंत्रचालित दृश्याचे समर्थक या दोन्ही ध्रुवांवर एकाच वेळी घर बांधतात. अर्थ विचारला की ते म्हणतात, ही कलाकृती आहे, तिच्याकडून सरळ विधानाची अपेक्षा करू नका. खरेपणा विचारला की म्हणतात, हे तर यंत्राने टिपले आहे, येथे कल्पिताला जागाच नाही. पाटणकरांच्या मांडणीत दोन ध्रुवांमधला ताण हा विचाराचा विषय होता; येथे तो पळवाटेचा मार्ग झाला आहे.

पुराव्याचा हा दावा महाराष्ट्राच्या राजकारणात कसा वापरला जातो, ते ५ ऑक्टोबर २०२२ रोजी दिसले. शिवसेनेचा दसरा मेळावा १९६६ पासूनचा. त्या वर्षी पक्ष दुभंगला होता. उद्धव ठाकरे यांचा मेळावा शिवाजी पार्कवर आणि एकनाथ शिंदे यांचा वांद्रे-कुर्ला संकुलातील मैदानावर भरला. दोन्ही बाजूंनी गर्दीची दृश्ये पुढे केली, आणि ‘खरी शिवसेना कोणाची’ या प्रश्नाचे उत्तर जणू उंचावरून घेतलेल्या चित्रात मिळणार होते, अशा रीतीने ती पाहिली गेली. अशा चित्रातला माणूस म्हणजे मैदान भरण्याचे एक एकक. तो स्वतःहून आला की बसमधून आणला गेला, भाषण ऐकत होता की सावली शोधत होता, हे चित्र सांगत नाही. सांगण्याची त्याला गरजही नसते. येथे नेत्याचे व्यक्तिचित्र गर्दीच्या कातड्यावर काढलेले असते, आणि ते काढताना गर्दीतल्या प्रत्येकाचा चेहरा आधी पुसावा लागतो.

मराठीत अशा समग्र दर्शनासाठी दोन शब्द रूढ आहेत: विहंगावलोकन आणि सिंहावलोकन. दोन्ही शब्दांत पाहणारा जिवंत प्राणी आहे. पक्षी कोठून तरी उडालेला असतो आणि त्याला कोठे तरी उतरायचे असते. सिंह चालता चालता मागे वळून पाहतो, म्हणजे त्याने वाट तुडवलेली असते. नव्या दृश्यात पाहणारा प्राणीच काढून टाकला आहे, आणि त्या रिकाम्या जागेला वस्तुनिष्ठता असे नाव दिले आहे. ‘हवाई पाहणी’ हा शासकीय शब्द याच भाषेतला. जुलै २०१९ मध्ये उल्हास नदीच्या पुरात महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर आणि वांगणीच्या दरम्यान अडकली आणि हजाराहून अधिक प्रवाशांची सुटका करावी लागली. पाण्याने वेढलेल्या गाडीचे वरून घेतलेले चित्र त्या दिवसाचे प्रतीक झाले. त्या चित्रात पाणी दिसते, गाडी दिसते. नदीच्या पात्राकडे बांधकामे कशी सरकत गेली, त्यांना परवानगी कोणी दिली, हे दिसत नाही. सोनिवलीसारखे नगरपरिषदेच्या हद्दीत आलेले गाव अशा दृश्यात छपरांच्या ठिपक्यांचा एक पुंजका असतो. गावठाण कोठे संपले आणि इमारती कोठे सुरू झाल्या, हा तेथील राजकारणाचा खरा मजकूर. तो उंचीवरून केवळ पोताचा फरक होऊन जातो.

ड्रोनने घेतलेले प्रत्येक चित्र असे मुके असते, असा याचा अर्थ नव्हे. पुरंदर तालुक्यातील सोनोरी येथे गावठाणाची ड्रोनने मोजणी करण्याचा प्रयोग झाला आणि २४ एप्रिल २०२० रोजी ‘स्वामित्व’ योजना देशभरासाठी जाहीर झाली. तेथेही शेकडो चौकटी शिवूनच नकाशा तयार होतो. परंतु त्या नकाशावर हरकत घेता येते. मोजणी करणारे खाते माहीत असते, सनदेवर नाव असते, शेजाऱ्याला ‘ही भिंत माझी’ असे म्हणता येते. तंत्र तेच, बदलते ती जबाबदारी. म्हणूनच वाद तंत्राशी नाही.

५

मग वाद कशाशी आहे? मराठी काव्यपरंपरेने यासाठी एक नेमका शब्द दिला आहे: नाममुद्रा. अभंगाच्या शेवटी येणारे तुका, नामा, जनी हे नाव म्हणजे मालकीची पाटी नव्हे. बोललेल्या शब्दाखाली कोणी तरी उभे आहे, एवढीच ती ग्वाही असते. नाममुद्रेचा गैरवापर झाला, दुसऱ्यांचे अभंग त्या नावांखाली घुसले, हे खरे. पण मुद्रा होती म्हणूनच प्रक्षिप्त ओळखण्याचा प्रश्न तरी उभा राहिला. बखरीचेही तसेच. सभासदाने शिवचरित्र सांगितले ते राजाराम महाराजांसाठी, हे त्याच्या बखरीतून कळते. बखरकार अतिशयोक्ती करतो, आकडे फुगवतो. मात्र कोणाच्या आज्ञेने सांगतो आहे ते लपवत नाही, आणि त्यामुळे वाचकाला त्याचे माप लावता येते.

आज या परंपरेचा वारसा, ऐकायला विचित्र वाटले तरी, रस्त्यावरच्या फ्लेक्सकडे आला आहे. कल्याणपासून बदलापूरपर्यंत कोणत्याही नाक्यावर तो पाहता येतो. वर राष्ट्रपुरुष, खाली पक्षाचा नेता, मग स्थानिक पुढारी, आणि तळाशी रांगेने लहान होत गेलेले कार्यकर्त्यांचे चेहरे. सुशिक्षित अभिरुची त्याची टिंगल करते. त्याने रस्ता विद्रूप होतो, ही तक्रार रास्तच आहे. परंतु सत्तेचे व्यक्तिचित्र म्हणून पाहिल्यास फ्लेक्स कमालीचा प्रामाणिक आहे. चेहऱ्याचा आकार म्हणजे पक्षातले स्थान, हे तो लपवत नाही. कोण कोणाच्या खांद्याला लागून उभा आहे ते तो सांगतो. आणि तळाशी ‘शुभेच्छुक’ या शब्दापुढे पैसे कोणी दिले तेही छापतो. त्यात शिवण उघडी असते. एकाच्या डोक्याभोवती कापल्याची पांढरी कडा असते, दुसऱ्याच्या तोंडावर वेगळा उजेड असतो. ही माणसे एकत्र उभी नव्हती, एकत्र आणली गेली, हे शाळकरी पोरालाही कळते. जे सत्य यंत्रचालित दृश्य सफाईने झाकते, तेच फ्लेक्स आपल्या अडाणीपणाने उघड करतो. या दोहोंपैकी कलादालनात कोणाला जागा मिळते आणि कोणाला अतिक्रमणाची नोटीस, हा प्रश्न सौंदर्यशास्त्राचाच आहे.

यावर सर्वात सबळ आक्षेप असा येईल की, मानवी छायाचित्रकार जे भीडेने किंवा भीतीने गाळतो ते यंत्र गाळत नाही. तूलूझच्या दृश्यात जे सापडते ते दरबारी छायाचित्रकाराने कधीच दिले नसते. हा आक्षेप मान्य करायलाच हवा. स्पिनात्शच्या त्या कलाकृतीचे शीर्षकच ‘फाब्र आला नाही’ असे आहे. सत्तेचे चित्र तेथे एका गैरहजेरीच्या नावाने ओळखले जाते. पण ही धार कोठून आली? यंत्रातून नव्हे. कोणत्या बैठकीवर कॅमेरा लावायचा आणि कोणत्या अनुपस्थितीला शीर्षक द्यायचे, हे एका नावानिशी उभ्या असलेल्या माणसाने ठरवले. व्हिएन्नाच्या कामात तर चौकटींची संख्या शीर्षकातच घातलेली आहे. प्रत्येक चौकट वेगळ्या क्षणाची आहे, हे विसरू न देण्याची ती रीत आहे. म्हणजे हा प्रकार उत्तम होतो तो आपली शिवण दाखवतो तेव्हा, आणि त्याचे समर्थक ज्या कर्तृत्वहीनतेचे गुणगान करतात ती मोडतो तेव्हा. उत्तम उदाहरणाने सिद्धांत सिद्ध होत नाही, तो कोसळतो.

६

हा वाद केवळ कलादालनापुरता असता तर त्यावर इतकी शाई खर्च करण्याचे कारण नव्हते. मुंबईत २०१६ मध्ये साडेचार हजारांहून अधिक कॅमेऱ्यांचे जाळे कार्यान्वित झाले. आपोआप पाहणारा डोळा ही शासनाची भाषा झाली, आणि निःपक्ष यंत्राचा सौंदर्यविचार त्या भाषेला प्रतिष्ठा देतो. ही प्रतिष्ठा किती पोकळ आहे ते ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापुरात कळले. एका शाळेतील दोन बालिकांवरील अत्याचाराचे प्रकरण बाहेर आले. २० ऑगस्टला लोक रेल्वेमार्गावर उतरले, सुमारे दहा तास गाड्या बंद राहिल्या, आणि मुंबई उच्च न्यायालयाने प्रकरणाची स्वतःहून दखल घेतली. शाळेत कॅमेरे होते. त्यांचे पंधरा दिवसांचे चित्रण नाहीसे झाल्याचे तत्कालीन शालेय शिक्षणमंत्र्यांनीच सांगितले. याच दिवसांत राज्यातील शाळांना कॅमेरे बसवणे सक्तीचे करणारा आदेशही निघाला. डोळा मिटलेला आढळला, त्यावर उपाय आणखी डोळे.

सत्तेचे व्यक्तिचित्र हवे असेल तर ते या नाहीशा झालेल्या पंधरा दिवसांत आहे. कॅमेरा होता, पण त्याने पाहिलेले जपण्याची जबाबदारी कोणाची, हे त्याच्या खाली लिहिलेले नव्हते. ज्यांची मुले त्या इमारतीत जात होती, त्यांना यंत्राच्या निःपक्षपातीपणाशी काही कर्तव्य नव्हते. त्यांना उत्तर देणारा माणूस हवा होता. तो न मिळाल्यामुळे ते रुळांवर आले. ‘हे कोणी केले नाही, आपोआप झाले’ हे वाक्य कलादालनात सिद्धांत म्हणून शोभते. शाळेच्या दाराशी ते उच्चारले की त्याचा खरा अर्थ कळतो.

मराठी समीक्षेने म्हणून अशा प्रत्येक दृश्यापुढे तीन साधे प्रश्न ठेवावेत. कॅमेरा कोणाच्या जागेवर, कोणाच्या परवानगीने उभा होता? शिवण कोणी घातली? आणि टाकून दिलेल्या चौकटी कोणाकडे आहेत? या प्रश्नांची उत्तरे जे चित्र आपल्या अंगावर वागवते, ते सत्तेचे चित्र. मग ते यंत्राने काढलेले असो, कुंचल्याने असो, वा नाक्यावर टांगलेले असो. जे वागवत नाही, ते सत्तेने स्वतःचे स्वतःच काढून घेतलेले चित्र होय, आणि त्याची समीक्षा करणे म्हणजे त्याखाली मुद्दाम कोरी सोडलेली ओळ भरण्याचा आग्रह धरणे.